लघुग्रहाचं बारसं

पेढ्यांचा पुडा सोडतेय तोच संचालक खांबेटे सर मी शोधलेल्या लघुग्रहाला स्वतःचं नाव द्यायला निघाले.

"सर, दोन वर्षं फोटो तपासून डोळे मी फोडले. शोधणाऱ्यानं नाव सुचवायचं असतं. मी आईचं देणार."

"दुर्बीण काय आईनं घेऊन दिली?" म्हणत त्यांनी अर्जावर आपलं नाव लिहूनही टाकलं.

तेवढ्यात कक्षा तपासणाऱ्या केंद्राची ईमेल आली. मी मोठ्यानं वाचली. तो लघुग्रह नव्हताच. तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या रॉकेटचं रिकामं नळकांडं होतं. इंधन केव्हाच संपलेलं, काम काही नाही, नुसतं सूर्याभोवती गरगरतंय.

सर घाईघाईनं नाव खोडू लागले. मी पेन काढून घेतलं आणि पेढा पुढे केला.

"राहू द्या, सर. मी हट्ट सोडला. तुमचंच नाव शोभतंय."