मुंडावळ्यांमागचे डोळे

न पाहिलेल्या माणसाचे डोळे अदमासाने रेखाटावेत का, हा चित्रकाराच्या धर्माचा अवघड प्रश्न आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावरील गोळीबारात लालबागचा नवविवाहित गिरणीकामगार गेला. त्याचे छायाचित्र एकच, लग्नातले. त्यातही दाट मुंडावळ्यांनी डोळे झाकलेले. मोतीबिंदूने नजर अधू झालेल्या आईने वर्णन केले, तसे गिरगावच्या चित्रकार विष्णुपंतांनी चित्र काढले. ते चाचपून माउली म्हणाली, “ह्योच माझो झील!” विष्णुपंतांचे मन मात्र मानेना. त्यांनी सुनेला विचारले, “मुली, डोळे असेच होते ना? चुकले असतील तर पुसतो.” ती चित्रावरून नजर न काढता म्हणाली, “घरात सगळी वडीलधारी, तात्यानू. मान वर करून त्येंका कधी बघूकच नाय. आताच बघतंय.” विष्णुपंतांच्या हातातले रबर तिथेच थांबले. चित्र तिच्या हाती देऊन ते पुटपुटले, “हे डोळे तुला सांभाळोत, बाळ.”