चष्म्याची जागा

"आपा, माझा चष्मा कुठंय?" असा धाकट्या बहिणीचा, सबिहाचा रोज फोन यायचा आणि "डोकं ठिकाणावर नसतं तुझं," म्हणत नाझनीनआपाच जाऊन चष्मा शोधून द्यायची.

सबिहाच्या पंचावन्नाव्या वर्षी नगरच्या डॉक्टरांनी या विसराळूपणाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार म्हटलं. सबिहानं त्यावरचा कोर्स केला आणि तसल्याच धांदरट बायकांची ती कोच झाली.

आज आपा तिच्या क्लासला गेली. भिंतीवर किल्ल्यांना खिळा होता, चष्म्याला डबी होती. "मॅडमचं समदं कसं जागच्या जागी असतंय," सुप्याहून आलेली एकजण कौतुकानं म्हणाली. आपा त्या डबीकडे बघत राहिली. सहा महिन्यांत सबिहाचा एकदाही फोन आला नव्हता.


घरी येऊन आपानं पर्समधून सबिहाचा चष्मा काढला, आणि मोबाईलचा आवाज वाढवून ती वाट बघत बसली.