वाजवून पाहणं

करार संपला की कामाचं कसब परत करायचं, हा नियम कुंदाला नवा नव्हता. आधीच्या तीन नोकऱ्यांचं तिने असंच परत केलं होतं. डोक्याला पट्टा बांधायचा, दहा मिनिटं डोळे मिटायचे. नंतर एवढंच आठवायचं, की आपण तिथे कामाला होतो.

तंत्रज्ञ नाईकवडी तिची नोंद वाचत होता. "कौलांच्या भट्टीवर तपासनीस. मग कलिंगडांच्या निवडीला. मग रेल्वेत, चाकांवर हातोडी मारून तडा शोधायला. आणि आता छातीच्या दवाखान्यात. ताई, जन्मभर तुम्ही नुसती टकटकच केलीत की!"

तो हसला. कुंदाने मात्र बोटांवर मोजलं. कौल, फळ, चाक, माणसाची पाठ. वाजवून आतलं ओळखायचं, हे एकच काम तिने चार ठिकाणी केलं होतं. लोक तिला धरसोडीची म्हणत, आणि तिनेही ते खरं मानलं होतं.

"एवढं राहू द्या ना," ती म्हणाली. "हे माझंच आहे."

"मालकी दवाखान्याची, ताई. डोळे मिटा."

बाहेर बाकावर तिचे वडील, अप्पा, खोकत बसले होते. दहा मिनिटांनी ती बाहेर येताच त्यांनी रोजच्यासारखी पाठ वळवली. "बघ गं, छातीत पाणी वाढलंय का?"

तिचं बोट सवयीने पाठीवर गेलं. आधी वर, मग बरगड्यांच्या खाली.

"काय म्हणतंय?"

तिने पुन्हा एकदा ठोकून पाहिलं.

"वाजतंय, अप्पा," ती म्हणाली. "नुसतं वाजतंय."