सहा वर्षांचा वायरमन

त्या दुपारी वायरमन दुसऱ्यांदा वारला. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा, कारण आत्ता तो ठणठणीत आहे. सहा वर्षांचा आहे, त्याला दोन वेण्या आहेत, आणि तो समुपदेशक बाईंच्या खोलीत स्टुलावर चढून स्विचबोर्डाला टेस्टर लावतोय.

“कुणी हात लावू नका,” तो म्हणाला. “अर्थिंग बोंबललंय.”

बाईंनी पंख्याच्या बटणावरचा हात मुकाट्याने मागे घेतला.

खरा वायरमन, म्हणजे या मुलीचा बाप, उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेला. त्यानंतरच्या सोमवारी मुलीने कानावर पेन्सिल खोचली, त्याचा टेस्टर खिशात घातला आणि ती कामावर रुजू झाली.

“सासूबाई म्हणतात, पोरीचा पोरगा झाला,” आई म्हणाली. ती परवाना कार्यालयात कारकून होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. “मला आई म्हणतच नाही. मॅनेजर म्हणते. हे म्हणायचे तसं. संध्याकाळी मुद्दाम बाहेर जाते, दार वाजवते आणि म्हणते, ‘काय मॅनेजर, चहा मिळेल का?’”

“मग तुम्ही काय करता?”

“चहा.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आम्हाला शिकवतात की मुलगी आईकडे बघत बघत बाई होते आणि मुलगा बापाकडे बघत पुरुष. पण त्यातलं एखादं माणूस मध्येच गेलं, तर मूल त्याला उचलून आपल्या आत ठेवतं. ती मुलगा होत नाहीये हो. ती तुमचा नवरा होतेय. हरवू नये म्हणून.”

आईने आवाज खाली आणला. “मीपण बोलते त्याच्याशी. चहा देताना ऑफिसातलं सगळं सांगते. आमचे साहेब कसे अंगावर येतात ते. तो म्हणतो, सोड गं, त्याचा फ्यूज उडालाय.”

दोघींना हसू आलं. मग एकीचंच टिकलं, आणि तेही फार वेळ नाही.

वायरमन स्टुलावरून उतरला. सतरंजीवर लाकडी बाहुल्यांची टोपली होती. त्याने तिच्यातून मिशीवाला बाहुला निवडला आणि बराच वेळ नुसता हातात धरला. मग त्याला आडवा ठेवला. एका कुशीला टेस्टर, दुसरीला पेन्सिल. वरून स्वतःचा रुमाल पांघरला, कडा नीट दाबून.

“बाबा दमलेत,” मुलगी म्हणाली. “आता त्यांना काम सांगायचं नाही.”

बाई पुढे झुकून बघत राहिल्या. त्यांच्या धंद्यात अशी दुपार क्वचितच येते.

मुलगी उठली आणि आईच्या मांडीला येऊन टेकली. “आई, मला भूक लागलीय.”

“बघा!” बाई जवळजवळ ओरडल्याच. “आपलं आपणच केलं पोरीनं!”

आईने तिला एवढं घट्ट धरलं की ती कुरकुरली, “लागतंय ना.” कानामागे पेन्सिलीचा वळ राहिला होता. आईने त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. वळ जायला लागला, तसा तिने अंगठा झटकन काढून घेतला.

मग बाईंकडे बघून आई बोलली. दुसरा कुठलाच आवाज फुटेना, म्हणून ऑफिसातल्या अर्जांच्या खिडकीवरच्या आवाजात बोलली.

“सदर इसम दोन्ही वेळेस कोणतीही पूर्वसूचना न देता गेला असल्याने अर्जदारास निरोप देता आलेला नाही. तरी त्यास आजच्या संध्याकाळपुरती मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.”