दोष दुपारचा

उम्म सफवत मंगळवारी जिवंत झाली. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. रेशन कचेरीतल्या कॉम्प्युटरनंही तसंच केलं. तो फट्कन बंद पडला, पुन्हा सुरू झाला, आणि म्हातारी पूर्ववत मेली.

"मेलेल्यांना रोटी देता येत नाही, हज्जा," कचेरीचे मुख्य उस्ताज फहमी खेदानं म्हणाले.

"ते मेल्यावर बघू, बाळा. आज खाऊ काय?"

नाईलकाठच्या त्या गावात कागदोपत्री चुकून मेलेल्याला जिवंत करायला राजधानीची मंजुरी लागते. सकाळी मागितली की ती दुपारच्या नमाजानंतर येते. नेमका तेव्हाच कॉम्प्युटर मान टाकायचा. मंजुरी गडप, अर्ज पहिल्यापासून. महिना असाच गेला. शेजारणीच्या अर्ध्या रोटीवर जगून म्हातारीही निम्मी झाली होती.

दुरुस्तीवाल्या वगीहनं धूळ झाडली, पंखा बदलला, व्हायरस शोधला. शेवटी कॉम्प्युटर स्वतःच ठेवतो त्या नोंदी उघडल्या. बंद पडण्याची वेळ बारा सात. पुढच्या आठवड्यात बारा दहा. मग बारा तेरा. बिघाड हळूहळू पुढं सरकत होता. आता जगातला कुठला बिघाड असा सरकतो? वगीहनं भिंतीवरचं अजानचं वेळापत्रक बघितलं. तेही सूर्याबरोबर तितकंच सरकत होतं.

"हा सूर्य बघून मरतोय," तो पुटपुटला.

तेवढ्यात नमाज आटोपून मंडळी परतली आणि चहावाल्या अम्म बय्यूमीनं थोरल्या किटलीची पिन खोचली. दिवे मिणमिणले. पडदा काळा.

"किटली! सगळं एकाच तारेवर आहे! साहेब, आजच्या दिवस चहा राहू द्या..."

अम्म बय्यूमीनं छातीवर हात ठेवला.

"बडे इंजिनिअर," फहमी मायेनं म्हणाले, "इथं माणूस मेलेला चालतो. चहा बंद झालेला नाही. त्या नोंदींत किटलीचं नाव आहे?"

"नाही. फक्त वेळ आहे."

"मग दोष वेळेचा. संबंधित व्यक्तीनं रीतसर अर्ज करावा."

अर्ज वगीहनंच लिहून दिला. म्हातारीनं खाली अंगठा उठवला.

"मा. वेधशाळाप्रमुख यांस. रोज दुपार झाल्यामुळे कचेरीच्या कामात व्यत्यय येत आहे. सबब, कचेरी सुटेपर्यंत दुपार होऊ देऊ नये, ही नम्र विनंती. अर्जदार: उम्म सफवत (मयत)."