पाचवा नट

टक्.

तेराव्या नटानेही तसाच आवाज दिला. नट पुरेसा आवळलेला असला की हा पाना टक् वाजतो आणि पुढे करण्यासारखं काही उरत नाही. ट्रूल्स गुडघ्यांखाली खोक्याचा पुठ्ठा घेऊन तिसऱ्या चाकापाशी बसला होता. सासऱ्याने तासाभरापूर्वी गाडीला बर्फासाठीचे हिवाळी टायर चढवले होते. त्यांत अजून एकही नट ढिला सापडला नव्हता आणि आपण थोडे निराश होतोय, हे ट्रूल्सच्या आत्ताच लक्षात आलं होतं.

बेत बायकोचा, सिग्रिदचा, होता. तिचे वडील, हाल्वोर, आता एक्याऐंशीचे. ऑगस्टमध्ये त्यांनी सिग्रिदला दोनदा तिच्या आईच्या नावाने हाक मारली होती. दर ऑक्टोबरला लेकीच्या गाडीचे टायर बदलायचं काम त्यांच्याकडून काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा ठरलं ते असं, की सिग्रिदने त्यांना स्वयंपाकघरात वाफल खाऊ घालायचे आणि तोवर ट्रूल्सने बाहेर गुपचूप वीसच्या वीस नट तपासायचे. थोड्या वेळाने ती आपल्या पोरीला घेऊन डोंगरापलीकडे फागेरनेसला हँडबॉलच्या सामन्याला निघणार होती. घाटात उणे सहा अंश तापमान सांगितलं होतं.

"कितवा चाललाय?"

हाल्वोर मागे उभे होते. हातात कॉफीचा कप, मिशीला जॅम.

"बाबा! झाले वाफल?"

"तिसरा वाढला तिने. वर म्हणते, अजून एक घ्याच. या घरात आजवर मला कुणी आग्रह केलेला नाही. म्हटलं, बाहेर काहीतरी चाललंय."

ट्रूल्स उठला. पाना पाठीमागे धरला. अर्ध्या मीटरचा पाना पाठीमागे मावत नाही. तो शाळेत नीतिशास्त्र शिकवायचा. खोटं बोलणारी मुलं पकडण्यात त्याची निम्मी नोकरी गेली होती, त्यामुळे आपलं खोटं किती कच्चं आहे हे त्याला तोंड उघडण्याआधीच कळलं.

"शिकत होतो," तो म्हणाला. "म्हणजे, तुम्ही किती आवळता ते बघत होतो. आपल्यालाही यायला हवं ना."

"मास्तर, चव्वेचाळीस वर्षांचा आहेस तू."

"हो."

हाल्वोरनी कप कठड्यावर ठेवला. "इतकी वर्षं वाट बघतोय मी, हा कधी विचारतोय म्हणून. मला वाटायचं, तुला लाज वाटते विचारायची."

"वाटते," ट्रूल्स म्हणाला. एवढं मात्र खरं होतं.

म्हातारा खुलला. त्याने जॅक ओढला, पुढचं उजवं चाक उचललं आणि ट्रूल्सने तपासून झालेले, नीट बसलेले पाचही नट काढून जावयाच्या ओंजळीत ओतले. आता नको म्हणायची सोय नव्हती.

"आधी हाताने फिरवायचे. मग जॅक खाली. मग पाना. आणि गोल गोल जायचं नाही, समोरासमोर जायचं, नाहीतर चाक तिरकं बसतं. तुझ्या वडिलांनी नाही शिकवलं?"

"ते गॅरेजमध्ये द्यायचे."

दुसऱ्याच्या घरातली बेअब्रू कानावर आल्यावर माणूस नजर वळवतो, तशी हाल्वोरनी नजर चाकाकडे वळवली. मग पाचही नट हाताने फिरवून घेतले आणि चाक खाली टेकवून आवळायला लागले. एक. त्याच्या समोरचा. तिसरा. हात चालू होता आणि तोंडही. अडुसष्ट सालच्या हिवाळ्यात उतारावर त्यांच्या गाडीचं एक चाक निघालं आणि दुधाच्या ट्रकला ओव्हरटेक करून गेलं, ते सांगत होते. चौथा आवळताना त्यांना इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. मग त्यांनी टायरवर थाप मारली आणि उठले.

पाचवा हाताने फिरवला होता, तेवढाच राहिला.

ट्रूल्सने तो पाहिला आणि थांबला. बाबा कॉफीला आत जातील, मग आपण गुपचूप आवळू. बाबा गेले नाहीत. सिग्रिद किल्ली घेऊन बाहेर आली, मागून बॅग घेऊन पोरगी. सिग्रिदने नवऱ्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

"झालं?"

"झालं," हाल्वोर म्हणाले. "तुझा नवरा शिकतोय."

ती बसली. गाडी सुरू झाली.

"थांब!" ट्रूल्स ओरडला. "बाबा, पाचवा राहिलाय."

वर्गात वापरायचा आवाज त्याच्या तोंडून निघाला होता. हाल्वोर वाकले. नट दोन बोटांनी फिरला. त्यांनी नटाकडे पाहिलं, मग बोटांकडे, आणि त्यांचे कान लाल झाले. पोरीने मोबाइलमध्ये तोंड घातलं. त्या वेळी ते सगळ्यांनाच बरं वाटलं.

"मीच तुम्हाला बोलण्यात गुंतवलं," ट्रूल्स म्हणाला.

"बोलत मी होतो." हाल्वोरनी टक् वाजेपर्यंत पाचवा आवळला आणि पाना त्याच्या हातात दिला. "मघाशी कितव्यापर्यंत आला होतास?"

ट्रूल्स खाली बघत म्हणाला, "तेराव्या."

"किती निघाले ढिले?"

"एकही नाही."

"हं. मग राहिलेले सात बघून घे."

त्याने बघून घेतले. सासरा शेजारी उभा होता. गाडीत सिग्रिद दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या कुंपणाकडे बघत होती.

गाडी वळणाआड गेली. उतरवलेली उन्हाळी चाकं गॅरेजच्या भिंतीला ओळीने टेकवलेली होती. हाल्वोरनी खिशातून खडू काढला. कुठलं चाक कुठे होतं ते दर वर्षी ते टायरवर लिहून ठेवायचे, म्हणजे वसंतात परत चढवताना घोटाळा होत नाही. ते पहिल्या चाकाशी वाकले, थांबले, सरळ झाले आणि खडू जावयापुढे धरला.

"तूच लिही," ते म्हणाले. "वाचायचं तुलाच आहे."