काच कुणी पाहिली?

सर्जनांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. तिने पेन उचललं, पण सही केली नाही.

"पुन्हा एकदा तपासता येईल का?" तिने विचारलं. आवाज फाटका, घोगरा निघाला.

सर्जन चिडले नाहीत. अशी बातमी पचायला वेळ लागतो, ते म्हणाले. घशातला तुकडा तपासून झाला होता आणि रिपोर्ट स्पष्ट होता. कर्करोग. येत्या गुरुवारी स्वरयंत्र काढायचं. उशीर केला तर जिवावर बेतेल.

ती अठरा वर्षं बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करत होती. लोक तिला घोषणाताई म्हणत. चेहऱ्याने कुणी ओळखत नसे, पण दुकानात तिने काही मागितलं की दुकानदार चमकून वर बघायचा. तिने सर्जनांना पुन्हा सांगितलं की रोज संध्याकाळी ताप येतो, घामाने कपडे भिजतात. याआधीही तीनदा सांगितलं होतं. याही वेळी टेन्शन घेऊ नका, एवढंच उत्तर मिळालं.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "एवढी शिकलेली माणसं आहेत. त्यांच्याशी हुज्जत घालून तुझा घसा बरा होणार आहे का?" तो घाबरला होता, म्हणून तिने उलट उत्तर दिलं नाही. तो औषधं आणायला गेला आणि ती दाराजवळच्या बाकावर बसली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला पन्नाशीचा एक सडपातळ माणूस बसला होता. मांडीवर बंद फाईल होती. आतलं बोलणं त्याने ऐकलं असावं.

"सही केलीत?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने लांब श्वास सोडला. "करू नका. आणि नुसतं पुन्हा तपासा म्हणू नका. तुमच्या तुकड्याची काच मागा, ती स्लाइड. उरलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात ठेवलेला असतो, तोही मागा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बाहेरच्या तज्ज्ञाला दाखवा आणि हा टीबी तर नाही ना, एवढंच विचारा."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"असल्याच एका रिपोर्टाने माझी झोप उडवलीय."

तिने त्याच्या फायलीकडे पाहिलं. तुम्ही का नाही भांडलात, असं तिने हळूच विचारलं.

"वरपर्यंत बोलून पाहिलं. माझं कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकावं लागेल." उठता उठता तो थांबला. "आणि शेवटपर्यंत जा. चूक कुणाची, ते नाव कळल्याशिवाय उठू नका."

प्रयोगशाळेच्या खिडकीवरच्या कारकुनाने काचा कुणाला देत नाहीत म्हणून हात झटकले. तिने गाडीची घोषणा करावी तसं एकच वाक्य सावकाश तीनदा म्हटलं, "अर्जाची पोच द्या." तिसऱ्या वेळी अख्खी रांग वळून बघायला लागली. कारकुनाने शिक्का मारला.

मंगळवारी काच आणि ठोकळा तिच्या हातात आला. त्याच दिवशी ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या तज्ज्ञाकडे दोन्ही देऊन आली. बुधवारी सर्जनांचा फोन आला, तुम्ही जिवाशी खेळताय. नवऱ्याने भरतीची पिशवी भरून दाराशी ठेवली. आपलंच चुकत असलं तर, असं तिला वाटून गेलं. तरीही ती दवाखान्यात भरती झाली नाही.

गुरुवारी, ज्या वेळी ती ऑपरेशनच्या टेबलावर असती, त्या वेळी तज्ज्ञाचा फोन आला. कर्करोग नव्हता. घशाचा टीबी होता. काही महिने गोळ्या, आणि आवाज परत येण्याची चांगली आशा. नवरा स्वयंपाकघरात जमिनीवर बसला आणि हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी ती बाकावरच्या माणसाचे आभार मानायला गेली. बाक रिकामा होता. बिचाऱ्याला वेळेवर कुणी सांगणारं भेटलं नसेल, असं तिच्या मनात आलं आणि तिचा संताप आणखी वाढला. तिने तक्रार दिली. चूक करणाऱ्याला काय काय ऐकवायचं, ते ती आठवडाभर मनात घोळवत राहिली.

अधीक्षकांच्या खोलीत प्रयोगशाळेचे विभागप्रमुख मान खाली घालून बसले होते. अधीक्षकांनी माफी मागितली. यंत्रणेकडून चूक झाली, ते म्हणाले.

"यंत्रणेला डोळे नसतात," ती म्हणाली. "काच कुणी पाहिली? मला त्या माणसाला समोर बघायचंय."

अधीक्षकांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं, मग घंटी दाबली आणि स्लाइड वाचणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. ती उठून उभी राहिली. मनात घोळवलेलं पहिलं वाक्य ओठांवर तयार होतं.

दार उघडलं आणि पांढऱ्या कोटात, हात जोडून, बाकावरचा माणूस आत आला.